डांग्या खोकल्यावर संशोधन करताय? उंदरांचा प्रयोग असा मांडा

डांग्या खोकल्याचा जिवाणू, बोर्डेटेला पर्टुसिस, हा फक्त माणसाच्या वाटणीला आलेला आहे. निसर्गात त्याचं दुसरं घर सापडलेलं नाही. प्रौढ उंदराच्या नाकात आपण तो मुद्दाम सोडला की फुफ्फुसात वाढतो खरा, पण तान्ह्या बाळासारखी ढास लागून उंदीर काळानिळा पडत नाही, आणि पिंजऱ्यातल्या सोबत्याला सहसा लागणही देत नाही. तरीसुद्धा १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी सहकाऱ्याबरोबर उंदराला नाकावाटे हा संसर्ग करून दाखवला, तेव्हापासून या रोगावरचं बरंचसं काम उंदरावरच चाललंय. उंदीर स्वस्त, त्याच्या जनुकांत हवा तो बदल करता येतो, आणि त्याच्या प्रतिकारशक्तीची मोजमापं करायला लागणारी सगळी प्रतिपिंडं बाजारात मिळतात.

एम.एस्सी. संपवून नुकतेच प्रयोगशाळेत आलेल्यांसाठी हा लेख आहे. तुमच्या संस्थेत दुसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षेचं अ‍ॅनिमल हाउस आहे आणि हाताखाली घेणारं कोणीतरी अनुभवी माणूस आहे, असं गृहीत धरलंय. उंदीर धरणं, सुई टोचणं, भूल देणं या गोष्टी वाचून येत नाहीत. त्या हाताला हात लावून शिकायच्या.

पायरी १ : प्रश्न कागदावर लिहा, उंदीर नंतर मागवा

बहुतेक नवखे उलटं करतात. गटात जिवाणूचा जो वाण वापरतात, जी मात्रा देतात, तीच उचलतात आणि मग आपला प्रश्न तिच्यात बसवायला बघतात. या रोगात ते फार महागात पडतं, कारण ‘उंदराचं मॉडेल’ असं एकच काही नाही. निदान चार वेगळी आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या प्रश्नाला लागू पडतं.

लस फुफ्फुसाला वाचवते का, हे पाहायचं असेल तर प्रौढ उंदीर घ्या आणि नाकावाटे ५० मायक्रोलिटर द्या. एवढं द्रव नाकात मावत नाही, श्वासाबरोबर थेट फुफ्फुसात उतरतं. जिवाणू नाकात कसा ठाण मांडतो हे पाहायचं असेल तर तोच जिवाणू ५ ते १० मायक्रोलिटरमध्ये द्या, म्हणजे तो वरच्या वर राहील. तान्ह्या बाळांना हा रोग जिवावर का बेततो हा प्रश्न असेल तर साधारण सात दिवसांची पिल्लं लागतात. आणि खोकलाच अभ्यासायचा असेल, तर २०२२ साली जपानमधल्या ओसाका विद्यापीठाच्या गटाने सी५७ ब्लॅक-६ या जातीच्या उंदरात खोकला मोजण्याची पद्धत बसवली आहे. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं लायपो-ऑलिगोसॅकराइड, व्हॅग-८ हे प्रथिन आणि पर्टुसिस टॉक्सिन अशी तिन्ही मिळून खोकल्याचे मज्जातंतू हळवे करतात, हे त्यातून पुढे आलं. त्याआधी ‘उंदीर खोकत नाही’ हे आपण सगळे पाठच करून बसलो होतो.

एकाकडून दुसऱ्याकडे होणारा प्रसार हा प्रश्न असेल, तर प्रौढ उंदीर आणि पर्टुसिस ही जोडी सोडा. त्यासाठी उंदरांचाच नैसर्गिक पाहुणा असलेला भाऊबंद जिवाणू, बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका, वापरतात. नाहीतर बबून हे माकड. बबूनचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू, कारण उंदराच्या मर्यादा त्या कामाइतक्या स्पष्ट कुठेच दिसलेल्या नाहीत. अमेरिकेत २०१२ साली या रोगाचे ४८,२७७ रुग्ण नोंदले गेले, तेही लसीकरण भरपूर असताना. त्याच सुमारास अमेरिकी औषध प्रशासनाच्या टॉड मर्केल आणि जेसन वॉरफेल यांनी बबूनच्या पिल्लांत हुबेहूब माणसासारखा रोग घडवला आणि मग लसी तपासल्या. अ‍ॅसेल्युलर लस (जिवाणूची फक्त काही शुद्ध प्रथिनं असलेली) घेतलेली पिल्लं आजारी पडली नाहीत. पण त्यांच्या घशात जिवाणू आठवडेच्या आठवडे राहिला, आणि सोबत ठेवलेल्या पिल्लांना त्यांनी तो दिलाही.

उंदरांच्या प्रयोगांत हे आधी का दिसलं नाही? कारण बहुतेक जण फुफ्फुसंच मोजत होते, आणि अ‍ॅसेल्युलर लस घेतलेल्या उंदराचं फुफ्फुस झटपट साफ होतं. पुढे लोकांनी उंदराचं नाक नीट तपासायला घेतलं तेव्हा तेच चित्र तिथेही सापडलं : संपूर्ण पेशींची लस (मारलेले अख्खे जिवाणू असलेली) दिलेल्या उंदरांचं नाक साफ होतं, अ‍ॅसेल्युलर दिलेल्यांच्या नाकात जिवाणू रेंगाळतो. उंदराने फसवलं नव्हतं, नाक तपासायचं राहिलं होतं. म्हणून माझा आग्रह : प्रश्न कोणताही असो, फुफ्फुसाबरोबर नाक घ्याच.

पायरी २ : परवानग्या आणि स्वतःची लस

भारतात प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात. संस्था सीसीएसईए या केंद्रीय समितीकडे नोंदलेली हवी (जुनी मंडळी अजून सीपीसीएसईए म्हणतात), आणि तुमचा प्रस्ताव फॉर्म-बी भरून संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे गेला पाहिजे. मंजुरी हातात पडेपर्यंत एकही उंदीर मागवायचा नाही. जनुकबदल केलेला जिवाणू किंवा उंदीर वापरणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची संमती वेगळी.

समितीत हमखास विचारतात तो प्रश्न म्हणजे एका गटात एवढेच उंदीर का. ‘सगळे पाच घेतात’ हे उत्तर नव्हे. आधीच्या आकड्यांतून फरक किती मोठा अपेक्षित आहे आणि उंदरा-उंदरात चढउतार किती असतो हे काढा, त्यावरून संख्या मांडा. कमी उंदीर घेऊन निष्कर्षच न निघणारा प्रयोग हा जास्त उंदीर घेतल्याइतकाच वाईट; त्यात घेतलेले सगळेच वाया जातात.

तुमची स्वतःची टीडॅपची (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्यावरची मोठ्यांची लस) बूस्टर मात्रा झाली आहे का ते पाहा. लहानपणी घेतलेल्या त्रिगुणी लसीचं संरक्षण इतकी वर्षं टिकत नाही. घरात दोन-तीन महिन्यांचं बाळ असेल तर तसं प्रमुखांना आधीच सांगा आणि कामाची वाटणी त्याप्रमाणे करून घ्या. यात संकोच कसला? सगळ्यात जास्त धोका त्याच वयाला आहे.

पायरी ३ : जिवाणू ‘जागा’ आहे का ते बघा

इथे घाई करणाऱ्याचा प्रयोग सुरू होण्याआधीच संपतो. पर्टुसिस हा लहरी जिवाणू आहे. तो वाढतो बोर्डे-जेंगू अगारवर, म्हणजे बटाट्याचा अर्क, ग्लिसरॉल आणि वर साधारण १५ टक्के मेंढीचं रक्त. जूल्स बोर्डे आणि ऑक्टाव्ह जेंगू यांनी १९०६ साली बटाटा-रक्ताच्या अशाच माध्यमावर तो पहिल्यांदा वाढवल्याचं जाहीर केलं, आणि आजही आपण त्याच वाटेने जातो. कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा डोळ्यांना दिसणारा पुंजका, दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. तेवढ्यात प्लेट सुकू नये म्हणून इनक्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे ठेवा.

चौथ्या दिवशी प्लेट उजेडाकडे तिरपी धरून बघा. चांगली कॉलनी लहान, फुगीर आणि पाऱ्याच्या थेंबासारखी चकचकीत दिसते, आणि तिच्याभोवती रक्त विरघळल्याची बारीक कड असते. काही कॉलन्या मोठ्या, चपट्या आणि कड नसलेल्या दिसल्या तर त्या वेगळ्या जिवाणूच्या असतील असं लगेच धरू नका. बीव्हीजी नावाची एक नियंत्रण यंत्रणा या जिवाणूत असते. ती चालू असली तर टॉक्सिन आणि चिकटण्याची प्रथिनं तयार होतात. बंद पडली तर जिवाणू जिवंत राहतो, पण संसर्गाच्या कामाचा राहत नाही. तापमान २५ अंशांपर्यंत खाली गेलं किंवा माध्यमात मॅग्नेशियम सल्फेट जास्त झालं की ती बंद होते. हे तात्पुरतं असतं, ३७ अंशांवर नेहमीच्या माध्यमात परत चालू होते. पण पुन्हा पुन्हा प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलात, तर ही यंत्रणा कायमची मोडलेले उत्परिवर्तित जिवाणू वरचढ होतात. म्हणून दर प्रयोगाला उणे ८० च्या फ्रीझरमधला ताजा ग्लिसरॉल स्टॉक उघडा. फ्रिजमधल्या जुन्या प्लेटवरून उचलायचं नाही.

वाण कोणता घ्यायचा? संदर्भासाठी बहुतेक जण जपानमध्ये वेगळा केलेला टोहामा-१ वापरतात. त्याचा संपूर्ण जीनोम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी त्याची आवृत्ती मिळाली तर फारच सोयीचं, कारण उंदराच्या नाकात इतर जिवाणूंची गर्दी असते आणि प्लेटमध्ये स्ट्रेप्टोमायसिन घातलं की ती गळून पडते. मात्र टोहामा हा १९५० च्या दशकातला वाण आहे. आज फिरणाऱ्या जिवाणूंत, विशेषतः अ‍ॅसेल्युलर लस देणाऱ्या देशांत, पर्टॅक्टिन हे त्या लशींपैकी बऱ्याच लशींत असलेलं प्रथिनच नसलेले वाण खूप आढळतात. लशीवर काम करत असाल तर निदान शेवटचा प्रयोग एखाद्या अलीकडच्या वाणावर करा.

जिवाणू उचलायला साधा कापसाचा स्वॅब वापरू नका. कापसातली मेदाम्लं या जिवाणूला मारतात, डॅक्रॉनचा स्वॅब घ्या. द्रवात वाढवायचे असतील तर स्टेनर-शोल्टे माध्यम. उंदराला देण्याआधी ते पीबीएसमध्ये (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी) १ टक्का कॅसिन घालून त्यात मिसळा, नुसत्या पीबीएसमध्ये ते लवकर मरायला लागतात. गढूळपणावरून संख्या काढण्यासाठी पुस्तकातला आकडा वापरू नका. तुमच्या यंत्रावर, तुमच्या वाणाचा आलेख एकदा नीट काढून ठेवा.

पायरी ४ : उंदीर

बाल्ब-सी किंवा सी५७ ब्लॅक-६, सहा ते आठ आठवड्यांचे. दोन्ही चालतात, पण मध्येच बदलू नका; त्यांच्या प्रतिकारशक्तीचा कल वेगळा आहे. टीएलआर-४ (जिवाणूची चाहूल घेणारं प्रथिन) सदोष असलेल्या सी३एच/एचईजे उंदरांत संसर्ग जास्त जोर धरतो, तेही काही प्रश्नांना कामाचे. आल्यावर आठवडाभर नुसतं राहू द्या. औषधाचा एक पिंजरा आणि कंट्रोलचा एक पिंजरा अशी वाटणी केलीत, तर शेवटी दिसणारा फरक औषधाचा की पिंजऱ्याचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. प्रत्येक पिंजऱ्यात दोन्ही गटांचे उंदीर येतील अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी करा. लस किंवा औषध एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यासारखं असेल तर मात्र पिंजरे वेगळे आणि जास्त संख्येने ठेवा.

आणखी एक तपासणी लोक विसरतात. वसाहतीतल्या उंदरांत ब्राँकिसेप्टिका किंवा स्यूडोहिंझाय हे बोर्डेटेला आधीपासून मुक्कामाला असू शकतात. दोन-चार उंदरांच्या नाकाचा द्रव साध्या मॅकॉन्की अगारवर पसरून बघा. पर्टुसिस त्यावर उगवत नाही, ब्राँकिसेप्टिका एक-दोन दिवसांत उगवतो. बोर्डे-जेंगू प्लेटवरही एका रात्रीत भरघोस वाढ दिसली, तर आनंद मानू नका. ते पर्टुसिस नाही.

पायरी ५ : नाकात थेंब

सगळं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये. भूल आयसोफ्लुरेनची किंवा केटामिन-झायलाझिनची. मात्रा पशुवैद्यकाने ठरवायची. भूल उथळ असेल तर उंदीर गिळतो किंवा शिंकतो आणि अर्धी मात्रा पोटात किंवा तुमच्या हातमोज्यावर जाते. फार खोल असेल तर श्वासच इतका मंद होतो की थेंब नाकपुडीवर तसाच बसून राहतो. श्वास संथ, खोल आणि एकसारखा चालू असताना काम करायचं.

उंदराला पाठीकडून धरून उभा ठेवा, डोकं किंचित मागे. पिपेटची टीप नाकपुडीच्या जवळ न्या, आत घालू नका. एक बारीक थेंब सोडा, उंदीर तो आत ओढेल. मग दुसरी नाकपुडी. बुडबुडा आला तर थांबा. ५० मायक्रोलिटर जायला पाऊण-एक मिनिट लागलं तरी चालेल. संपल्यावर काही क्षण तसाच उभा धरा, मग कुशीवर ऊबदार पॅडवर ठेवा आणि चालायला लागेपर्यंत नजर हलवू नका.

मात्रा साधारण पाच लाखांपासून एक कोटी जिवंत जिवाणूंपर्यंत दिली जाते. दहा लाखांच्या आसपास सुरुवात करणं बरं. हेच मिश्रण पहिल्या उंदराच्या आधी आणि शेवटच्या उंदरानंतर, असं दोनदा प्लेटवर पसरा. मधल्या वेळात किती मेले ते कळतं. शिवाय दोन-तीन उंदीर तीन तासांच्या आत मारून त्यांच्या फुफ्फुसात प्रत्यक्ष किती पोचले ते मोजा. हा शून्य दिवसाचा आकडा नसेल, तर पुढचा कुठलाच आलेख मी तरी गंभीरपणे वाचत नाही.

जिवाणूंचा फवारा करून तो उंदरांना हुंगवण्याची पद्धतही आहे. डब्लिनच्या किंग्स्टन मिल्स यांच्या गटाने ती खूप वापरली. सगळ्या उंदरांना सारखी मात्रा मिळते, पण उपकरण आणि बंदिस्त व्यवस्था दोन्ही महाग. सुरुवातीला थेंबच बरा.

पायरी ६ : वाट पाहणं

या मात्रेला प्रौढ उंदीर फारसा आजारी दिसत नाही. वजन थोडं उतरतं, अंग किंचित पिंजारतं, इतकंच. रोज एकाच वेळी वजन करा. २० टक्क्यांपर्यंत उतरलं की त्याला प्रयोगातून काढून वेदनेविना मारायचं. ही मर्यादा प्रस्तावात आधीच लिहिलेली असते आणि तिच्यात सूट नाही. फुफ्फुसातली संख्या पहिल्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचते, मग उतरत तीन-चार आठवड्यांत साफ होते. नाक जास्त वेळ घेतं. म्हणून शून्य, ३, ७, १४, २१ आणि २८ हे दिवस सोयीचे पडतात.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायला विसरू नका. पर्टुसिस टॉक्सिन पेशींमधली जी-प्रथिनांची साखळी तोडतं, त्यामुळे लिम्फोसाइट रक्तातून ऊतींमध्ये जाऊ शकत नाहीत आणि रक्तातच साठतात. तान्ह्या बाळांमध्ये जीवघेणं ठरतं ते हेच, आणि उंदरातही ते दिसतं. सात दिवसांच्या पिल्लांना संसर्ग दिला तर ती मरू शकतात. टॉक्सिन नसलेल्या वाणाने सहसा तगतात. पिल्लांवर काम करायचं असेल तर आईला वास बदललेला आवडत नाही हे लक्षात ठेवा : हातमोजे त्याच पिंजऱ्यातल्या भुशात चोळून घ्या, आणि पिल्लं सगळी एकदम परत ठेवा.

पायरी ७ : नमुने आणि मोजणी

क्रम आधी कागदावर ठरवा : रक्त, नाकाचा द्रव, श्वासनलिका, फुफ्फुस. फुफ्फुस धुऊन पेशी काढायच्या असतील तर त्याच फुफ्फुसातले जिवाणू मोजू नका. धुतलेल्या पाण्याबरोबर ते निघून गेलेले असतात. एक बाजू मोजणीला, एक ऊतितपासणीला, हे सगळ्या उंदरांत सारखं ठेवा. ऊतीतच मुक्काम करणाऱ्या टी-स्मृतिपेशी पाहायच्या असतील, तर उंदीर मारण्याआधी काही मिनिटं शिरेतून, पांढऱ्या पेशींना चिकटणारं रंगीत सीडी-४५ प्रतिपिंड देतात. रक्तातल्या पेशी रंगतात, फुफ्फुसात रुतलेल्या कोऱ्या राहतात. नाकाचं संरक्षण कशावर टिकतं, ते याच कोऱ्या पेशींमुळे उलगडलं.

ऊती दळा, दहा-दहा पटीने पातळ करा, प्लेटवर पसरा, चौथ्या आणि पाचव्या दिवशी मोजा. एक मिलिलिटर रसातले १०० मायक्रोलिटर पसरले असतील तर एक कॉलनी म्हणजे १० जिवाणू. त्याखालचं तुम्हाला दिसतच नाही. तेव्हा रिकाम्या प्लेटचा अर्थ ‘शून्य’ नसून ‘दहापेक्षा कमी’ असा होतो, आणि आलेखावर ती रेघ काढायची असते. आकडे लॉगमध्ये मांडा. कोणता उंदीर कोणत्या गटातला हे कॉलनी मोजणाऱ्याला माहीत नसावं.

पायरी ८ : लस तपासत असाल तर

माणसाच्या मात्रेचा पाचवा किंवा दहावा भाग, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी संसर्ग, असा साधारण रिवाज. नुसत्या अ‍ॅल्युमिनियम क्षाराचा (लशीचा जोर वाढवायला घालतात तो) एक गट हवाच. संपूर्ण पेशींची लसही तुलनेला ठेवा. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून आणि पुढे दोन त्रिगुणी बूस्टरमधून तीच दिली जाते, त्यामुळे इथल्या वाचकाला अ‍ॅसेल्युलरच्या एकट्या आकड्यांचा उपयोग कमी.

पुण्यात किंवा कसौलीत लस बनवणाऱ्या संस्थेत नोकरीला लागलात, तर एक निराळाच उंदीर भेटेल. पर्ल केंड्रिक यांनी १९४७ साली मिशिगनमधून मांडलेल्या चाचणीत लस पोटात टोचतात, दोन आठवड्यांनी १८३२३ या वाणाचे जिवाणू थेट मेंदूत सोडतात आणि चौदा दिवस किती जगले ते मोजतात. लशीच्या एका मात्रेत निदान ४ आंतरराष्ट्रीय एकक ताकद भरली पाहिजे. माणसात हा जिवाणू मेंदूत शिरतच नाही, म्हणजे कागदावर ही चाचणी निव्वळ विचित्र. पण ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५६ मध्ये मुलांमधलं संरक्षण आणि प्रयोगशाळेतले आकडे ताडून पाहिले, तेव्हा याच चाचणीचा मेळ मुलांशी बसला. म्हणून ती टिकली. उंदरांना ती फार त्रासदायक आहे, निकाल खूप हलतात आणि अ‍ॅसेल्युलर लशींना ती सरळ लागू पडत नाही. तिला पर्याय शोधण्याचं काम चालू आहे आणि नव्या माणसाने हात घालण्यासारखं ते क्षेत्र आहे. श्वसनमार्गाच्या प्रयोगातले आकडे आणि केंड्रिकचे एकक एकाच तक्त्यात मात्र मांडू नका, दोन्ही उंदरांना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत.

शेवटचं, वहीबद्दल. वाण, स्टॉकची तारीख, कितवी प्लेट, रक्ताची बॅच, दिलेलं द्रव, प्रत्यक्ष मोजलेली मात्रा, भूल कोणती, उंदराचं लिंग आणि पिंजरा क्रमांक हे त्याच दिवशी लिहा. सीरमचे लहान लहान भाग करून उणे ८० ला ठेवा आणि नळीवर बॉलपेनने लिहू नका; फ्रीझरमध्ये शाई निघून जाते.